पऱ्हाटीची राख आणि लाल पोटॅश

वर्ध्याच्या बाजारात मिळणारे म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यातले ‘लाल पोटॅश’, भारतातल्या एकाही खाणीतून निघालेले नसते. पोते ५० किलोचे आणि त्यावर आकडे ०:०:६०. नत्र शून्य, स्फुरद शून्य, पालाश ६० टक्के. हा माल कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्रायल किंवा जॉर्डनमधून जहाजाने येतो, बंदरावर पोत्यांत भरला जातो आणि रेल्वेच्या रॅकने विदर्भातल्या मालधक्क्यांवर उतरतो. वर्धा शहराला लागून असलेले सावंगी (मेघे) आज मेडिकल कॉलेजमुळे आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयामुळे ओळखले जाते. पण त्याच्या भोवतीचे शिवार अजून कपाशी, तूर आणि सोयाबीनचेच आहे. पोटॅशियम क्लोराइड हे एकच रसायन अशा गावात दोन वाटांनी शिरते: शेतात पोत्याने आणि रुग्णालयात कुपीतून, मोजून, थेंबाथेंबाने. फरक शुद्धतेचा. ज्या खनिजापासून ते बनते त्याचे थर या प्रदेशात नाहीत.

खनिज म्हणून पोटॅश दुर्मीळ नाही. आटलेल्या प्राचीन समुद्रांनी मागे ठेवलेले त्याचे थर शेकडो किलोमीटर पसरलेले आहेत. ते खणून विकणारे मात्र पहिल्यापासून मोजकेच राहिले. पोटॅशच्या कंपन्यांचा इतिहास बराचसा या मोजक्या विक्रेत्यांनी एकत्र येण्याचा, फुटण्याचा आणि पुन्हा एकत्र येण्याचा इतिहास आहे. वर्ध्याच्या पोत्यावरची किंमत त्यातूनच ठरत आली.

खाणी नव्हत्या तेव्हा पोटॅश चुलीत तयार होत असे. झाड जमिनीतून जे क्षार शोषून घेते ते जळाल्यावर राखेत उरतात. ही राख पाण्यात कालवून, निवळ गाळून, लोखंडी भांड्यात आटवली की पांढरट क्षार मिळतो. युरोपात त्याला ‘भांड्यातली राख’ अशा अर्थाचे नाव पडले आणि तोच शब्द पुढे पोटॅश म्हणून जगभर गेला. काच, साबण आणि रंगकाम या धंद्यांना तो लागत असे. १७९० मध्ये अमेरिकेने दिलेले पहिले पेटंट सॅम्युएल हॉपकिन्सच्या पोटॅश बनवण्याच्या सुधारित पद्धतीसाठी होते. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून वीज सोडून त्यातला धातू वेगळा केला आणि त्याला पोटॅशियम म्हटले. जर्मनांनी अरबी शब्दावरून ‘कालियम’ नाव पसंत केले, म्हणून रसायनशास्त्रात त्याचे चिन्ह ‘के’ आहे.

भारतात ही विद्या वेगळ्या नावांनी होतीच. आयुर्वेदातला यवक्षार, बोलीतला जवखार, जवाच्या झाडाची राख धुऊन काढतात. पळसाच्या राखेचा क्षारही वैद्यांच्या वापरात आहे. शेतीच्या मराठीत पोटॅशला ‘पालाश’ हा शब्द रुळला. तो पोटॅशशी नाद जुळवून घडवलेला वाटतो, पण पळसाची आठवण त्यात आपोआप आली आहे. विदर्भात कपाशी वेचून झाली की उभ्या झाडांच्या पऱ्हाट्या उपटून सरपणाला घरी येत. चुलीतली राख भांडी घासायला, दात घासायला राखुंडी म्हणून, आणि उरलेली उकिरड्यावर. पावसाआधी उकिरडा गाडीने शेतात जाई. कपाशीने जमिनीतून उचललेल्या पालाशाचा बराच वाटा अशा रीतीने, कोणी हिशेब न ठेवता, त्याच शिवारात परत पडत होता.

पोटॅशच्या व्यापारात भारत एकेकाळी घेणारा नव्हता, देणारा होता. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तो बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक, आणि अठराव्या शतकात जगाला लागणारा सोरा प्रामुख्याने बिहारमधून जाई. जुन्या वस्त्यांची, गोठ्यांजवळची माती खरवडून, धुऊन, आटवून तो काढण्याचे काम नुनिया जातीचे लोक करत. ईस्ट इंडिया कंपनीला हा माल इतका महत्त्वाचा होता की इंग्लंडचा त्यावरचा ताबा ही लष्करी ताकदच मानली जाई. १८६१ च्या अखेरीस अमेरिकेतल्या यादवी युद्धासाठी बंदुकीच्या दारूचा कारखानदार लॅमो ड्यू पाँट इंग्लंडात मिळेल तेवढा सोरा विकत घेत होता. ब्रिटनशी तंटा होताच पंतप्रधान पामर्स्टन यांनी ती निर्यात रोखली आणि तंटा मिटेपर्यंत जहाजे अडकून पडली. पुरवठा तोडून दुसऱ्या देशाला वाकवण्याचा हा खेळ पोटॅशच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो. फक्त पुढच्या वेळी दरवाजा ब्रिटनच्या हातात नव्हता.

तो जर्मनीच्या हातात गेला, आणि तोही चुकून. प्रशियातल्या स्टासफुर्ट या गावी सरकारला हवे होते खायचे मीठ. तिथे १८३९ पासून विंधन सुरू झाले आणि १८५० च्या दशकात दोन खाणविहिरी खोदल्या गेल्या. मीठ सापडले, पण त्याच्यावर रंगीत, कडवट क्षारांचे जाड थर होते. मिठापर्यंत पोचण्यासाठी हे थर काढून बाजूला टाकावे लागत, म्हणून त्यांना नावच ‘काढून टाकायचे क्षार’ असे पडले. १८५६ मध्ये हाइनरिश रोझ याने त्यातल्या एका खनिजाला खाण अधिकारी रुडोल्फ फॉन कार्नाल यांच्या नावावरून कार्नलाइट म्हटले. त्यात पोटॅशियम होते.

याच्या आधी, १८४० मध्ये, युस्टुस फॉन लीबिशचे शेतीरसायनावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. झाडाचे पोषण कुजलेल्या पदार्थातल्या कुठल्या गूढ शक्तीने होत नाही, त्याला ठरावीक खनिजे लागतात आणि पिकाबरोबर शेतातून गेलेली खनिजे परत द्यावी लागतात, हा त्याचा मुद्दा. पोटॅश कुठून आणायचे, याचे उत्तर तेव्हा नव्हते. जंगले तोडून राख करायची तर युरोपची जंगले पुरली नसती. स्टासफुर्टच्या साखर कारखान्यात आडोल्फ फ्रांक नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ कामाला होता. बीटाच्या पिकाने जमिनी थकत चालल्या आहेत हे त्याला दिसत होते, आणि खाणीबाहेर पडलेले ढीगही. १८६१ मध्ये त्याने या टाकाऊ क्षारांपासून पोटॅशियम क्लोराइड काढणारा कारखाना उभा केला. पोटॅश खणून, त्यावर प्रक्रिया करून विकण्याचा आधुनिक उद्योग इथून मोजतात. थोड्याच वर्षांत गावाभोवती असे कारखाने दाटीने उभे राहिले. चिलीहून येणारे सोडियम नायट्रेट आणि स्टासफुर्टचे पोटॅशियम क्लोराइड यांच्या संयोगातून जर्मनांनी सोराही बनवला. मातीतून खरवडलेल्या बिहारी सोऱ्याची सद्दी त्यानंतर उतरत गेली.

खाणी वाढल्या तसा माल वाढला आणि भाव पडू लागले. १८८८ मध्ये जर्मन खाणमालकांनी एकत्र विक्रीसाठी सिंडिकेट केले: कोणी किती काढायचे, कोणत्या भावाने विकायचे हे एका टेबलावर ठरायचे. यात प्रशियाचे सरकार स्वतः खाणमालक म्हणून सामील होते. १९१० मध्ये तर कायदा करून प्रत्येक खाणीचा वाटा बांधून देण्यात आला. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातले जवळजवळ सगळे पोटॅश जर्मनीचे होते. १९१५ च्या सुरुवातीला जर्मनीने निर्यात बंद केली. अमेरिकेत भाव दहापटीच्या वर गेले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री शेवाळ कापून, नेब्रास्कातल्या खाऱ्या तळ्यांचे पाणी आटवून तिथे पोटॅश काढण्याची धडपड झाली, आणि युद्ध संपताच यातले बहुतेक उद्योग बुडाले. युद्धानंतर आल्साससोबत तिथल्या खाणी फ्रान्सकडे गेल्या. जर्मन मक्तेदारी मोडली असे वाटले. पण १९२६ पर्यंत दोन्ही शत्रूंनी बाजारपेठेचे वाटे ठरवून करार केला होता. सैन्य एकमेकांविरुद्ध लढले, विक्री मात्र मिळून करायची ठरली. स्टासफुर्टचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे: जुन्या खाणींत पाणी शिरले, पोकळ्या ढासळल्या आणि गावाचा मध्यभाग खचत गेला.

या काळात वऱ्हाड-नागपूरच्या शेतकऱ्याला खनिज पोटॅशची ओळखही नव्हती. वर्ध्याचा कापूस हिंगणघाट आणि पुलगावच्या गिरण्यांत व तिथून पुढे जात होता, आणि जमिनीचा हिशेब शेणखतावर चालला होता. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत आले. तेथे जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली घाण्याचे तेल, हातकागद, साबण यांचे प्रयोग होत होते, आणि गावातल्या काडीकचऱ्याचे कंपोस्ट हा त्या विचाराचा भाग होता. आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरमध्ये बसवलेली कंपोस्टची पद्धत गांधीजींच्या वर्तुळात परिचित होती. कुमारप्पा रासायनिक खतांकडे संशयाने पाहत. त्यांच्या दृष्टीने गावाचा पैसा आणि गावाची माती बाहेरच्या कारखान्याच्या दावणीला बांधण्याचा तो मार्ग होता. पोटॅशच्या बाबतीत त्यांच्या शंकेतला निम्मा भाग पुढे खरा ठरला: पैसा आणि पुरवठा दोन्ही बाहेर गेले. मातीबद्दलचा निकाल इतका सोपा नाही. त्याकडे पुढे वळावे लागेल.

स्वतंत्र भारताने नत्राचे कारखाने काढले. स्फुरदासाठी निदान राजस्थानात थोडा खनिज फॉस्फेट होता. पालाशासाठी काहीच नव्हते. १९५५ मध्ये इंडियन पोटॅश सप्लाय एजन्सी ही कंपनी स्थापन झाली. काम एकच: पोटॅश आयात करणे, बंदरावर उतरवून घेणे, देशभर पोचवणे आणि शेतकऱ्याला त्याचा उपयोग पटवणे. खाण नसलेली ही पोटॅश कंपनी. १९७० च्या सुमारास सहकारी संस्था, सरकारी कंपन्या आणि खासगी खत उत्पादक तिचे भागधारक झाले आणि नाव इंडियन पोटॅश लिमिटेड असे झाले. खत व्यापाऱ्यांच्या तोंडी ती ‘आयपीएल’, क्रिकेटच्या कितीतरी आधीपासून. आयातीचा सरकारी मक्ता मिनरल्स अँड मेटल्स ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे होता आणि माल हाताळण्याचे काम आयपीएलकडे. विक्रेते संघटित असतील तर घेणाराही एकच असावा, असे या व्यवस्थेमागचे गणित होते, आणि ते चुकीचे म्हणता येत नाही.

मुंबईत तुर्भ्याला फर्टिलायझर कॉर्पोरेशनचा कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. १९७८ मध्ये त्याची राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही वेगळी कंपनी झाली. तिच्या ‘सुफला’ १५:१५:१५ ने महाराष्ट्रातल्या असंख्य शेतकऱ्यांना पालाश पहिल्यांदा दिला, तोही वेगळा न ओळखता, मिश्रणातला तिसरा आकडा म्हणून. त्या दाण्यातले पोटॅश परदेशीच होते.

आयपीएल स्थापन होत असतानाच जगातल्या पोटॅशचा गुरुत्वमध्य सरकत होता. १९४३ मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात तेल शोधताना रॅडव्हिलजवळच्या विंधनविवरात पोटॅश लागले. गव्हाच्या सपाट शेतांखाली सुमारे एक किलोमीटर खोल, जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. अडचण मधल्या थरांची होती. पोटॅशच्या वर ब्लेअरमोर नावाचा वाळूचा थर आहे आणि तो प्रचंड दाबाच्या पाण्याने भरलेला आहे. मीठ पाण्यात विरघळते, त्यामुळे पोटॅशच्या खाणीत पाणी शिरणे म्हणजे खाणच विरघळणे. युनिटी येथे १९५० च्या दशकात खोदलेली विहीर पाण्याने हरली. सास्काटूनजवळ पेशन्स लेक येथे पोटॅश कंपनी ऑफ अमेरिकाने भोवतालची जमीन गोठवून विहीर पाडली, १९५८ मध्ये उत्पादन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी गळतीमुळे बंद केले. एस्टरहेझीला दुसऱ्या एका कंपनीने पाण्याचा थर गोठवला, विहिरीला ओतीव लोखंडाच्या जाड कड्यांचे अस्तर बसवले आणि १९६२ मध्ये तिथे सलग उत्पादन सुरू झाले. विहीर बांधायलाच पाच वर्षे लागली होती. आपल्याकडे विहिरीला दगडी बांध घालून माती धरून ठेवतात; इथे बांध पाणी बाहेर ठेवण्यासाठी होता. १९६४ मध्ये बेल प्लेन येथे खाणीत माणूस न उतरवता, वरून पाणी सोडून विरघळलेले पोटॅश उपसण्याची पद्धत सुरू झाली. राजस्थानच्या संदर्भात हीच पद्धत पुढे महत्त्वाची ठरली.

वर आलेला खडक म्हणजे सिल्विनाइट: सिल्वाइट हे पोटॅशियम क्लोराइड आणि त्यात मिसळलेले साधे मीठ. तो दळून, चिखल धुऊन, क्षारांनी संपृक्त खाऱ्या पाण्यात टाकतात. साध्या पाण्यात सगळेच विरघळले असते. त्यात असे रसायन घालतात की पोटॅशच्या कणांना पाणी चिकटत नाही. मग हवा सोडली की हे कण बुडबुड्यांना धरून वर येतात, फेसासारखे काढून घेता येतात, आणि मीठ तळाशी राहते. वाळवून, चाळून, हवे तर दाबून दाणेदार केले की पोटॅश तयार. त्याचा तांबूस रंग खडकातल्या लोहाच्या अंशाचा आहे. पांढरे पोटॅश विरघळवून पुन्हा स्फटिक केलेले असते. पिकाला दोन्ही सारखेच. एक टन पोटॅशमागे दीड ते दोन टन मीठ उरते आणि खाणीशेजारी त्याचे डोंगर साठतात.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस सस्कॅचेवानमध्ये इतक्या खाणी झाल्या की भाव कोसळले आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या खाणमालकांनी ओरड केली. १९७० पासून प्रांत सरकारने प्रत्येक खाणीचा कोटा ठरवला आणि किमान भाव बांधला. स्टासफुर्टचेच सूत्र, फक्त आता मुक्त व्यापाराचे गोडवे गाणाऱ्या देशात. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही योजना पुढे घटनाबाह्य ठरवली. १९७० मध्येच उत्पादकांनी उत्तर अमेरिकेबाहेरच्या विक्रीसाठी कॅनपोटेक्स ही संयुक्त कंपनी स्थापन केली. भारतात येणारे कॅनडाचे पोटॅश आजही मुख्यतः तिच्यामार्फत येते.

१९७१ मध्ये सस्कॅचेवानमध्ये ॲलन ब्लेकनी यांचे समाजवादी वळणाचे सरकार आले. तेलाच्या संकटाबरोबर पोटॅशचे भाव चढले. वाढलेल्या नफ्यातला वाटा प्रांताला हवा होता, म्हणून १९७४ मध्ये साठ्यांवर कर बसवला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि त्यांनी विस्तार थांबवला. १९७५ मध्ये पोटॅश कॉर्पोरेशन ऑफ सस्कॅचेवान ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि खाणी ताब्यात घेण्याचा कायदा आणला गेला. प्रत्यक्षात जबरदस्ती करावी लागली नाही. कायद्याची छाया पडताच मालक विकायला तयार झाले: १९७६ मध्ये कोरी, मग रोकानव्हिल, लॅनिगन, ॲलनमधला वाटा. थोड्याच वर्षांत प्रांतातल्या क्षमतेचा सुमारे ४० टक्के भाग या कंपनीकडे आला. सुरुवातीला तिने चांगला नफा दिला, पण १९८० च्या दशकाच्या मध्यात भाव पडले तेव्हा तोटेही तेवढेच मोठे झाले. याच दशकात, १९८७ मध्ये, पेशन्स लेकची खाण पाण्याने भरली आणि तिला विरघळवून उपसण्याच्या पद्धतीकडे वळावे लागले. १९८९ मध्ये ग्रँट डेव्हिन यांच्या सरकारने सरकारी कंपनीचे भाग बाजारात विकले. पुढची वीस वर्षे कंपनी इतर खाणी व खत कारखाने विकत घेत जगातली सर्वांत मोठी पोटॅश कंपनी झाली. तिचे धोरण सरळ होते: मागणी कमी झाली तर भाव उतरवण्याऐवजी खाण बंद ठेवायची.

२०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बीएचपी बिलिटनने ही कंपनी विकत घेण्यासाठी सुमारे ३९ अब्ज डॉलरची बोली लावली. ज्या प्रांताने कंपनी विकून टाकली होती तोच आता ती परदेशी हातात जाऊ नये म्हणून भांडला, आणि नोव्हेंबरमध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने व्यवहार अडवला. १ जानेवारी २०१८ रोजी तिचे ॲग्रियम कंपनीशी विलीनीकरण होऊन न्यूट्रियन ही कंपनी झाली. इथे भारत पहिल्यांदा नुसता गिऱ्हाईक राहिला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने मंजुरी देताना इस्रायल, जॉर्डन आणि चिलीतल्या पोटॅश कंपन्यांमधले अल्पांश भाग विकण्याची अट घातली. एकाच कंपनीचे हात सगळ्या विक्रेत्यांमध्ये असतील तर घेणाऱ्याने घासाघीस करायची कोणाशी, हा साधा प्रश्न त्यामागे होता.

दुसरी मोठी आघाडी रशिया आणि बेलारूस यांची होती. सोव्हिएत काळात सोलिकाम्स्क, बेरेझ्निकी आणि सोलिगोर्स्क येथे वाढलेल्या खाणी नंतर बेलारशियन पोटॅश कंपनी या संयुक्त विक्री संस्थेमार्फत माल विकत. जुलै २०१३ मध्ये रशियाची उराल्काली कंपनी त्यातून बाहेर पडली. पुढच्या महिन्यात तिच्या प्रमुखाला मिन्स्कमध्ये अटक झाली. भांडण त्यांचे, फायदा भारताचा: टनाला ४२७ डॉलर असलेला भारताचा करार पुढच्या वर्षी ३२२ डॉलरवर आला. २०२२ मध्ये उलटे घडले. निर्बंधांमुळे बेलारूसच्या मालाची लिथुआनियातून जाणारी रेल्वेवाट १ फेब्रुवारीला बंद झाली, त्याच महिन्यात युक्रेन युद्ध पेटले, आणि भारताला करार ५९० डॉलरने करावा लागला. २०२३ मध्ये तो ४२२ डॉलरवर उतरला. हे करार करण्यात आयपीएल पुढे असते, आणि चीन व भारत काय भावाने घेतात याकडे बाकीचे जग पाहत असते.

आंतरराष्ट्रीय भाव शेतकऱ्यापर्यंत कसा पोचतो हे दिल्लीच्या धोरणावर अवलंबून राहिले. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशाच्या किमतींवरचे नियंत्रण उठवले गेले, युरियावरचे राहिले. देशातले नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, ते एका वर्षात ९.५ : ३.२ : १ झाले. १९९३ मध्ये आयातीचा सरकारी मक्ताही संपला. सवलती नंतर परत आल्या आणि पोटॅश इतके स्वस्त राहिले की २००९-१० मध्ये त्याचा भाव टनाला ४,४५५ रुपये होता. एप्रिल २०१० मध्ये पोषणद्रव्यावर आधारित अनुदान आले: सरकार किलोमागे ठरावीक रक्कम देणार, बाकी किंमत कंपनी ठरवणार. दोन-तीन वर्षांत भाव तिपटीहून जास्त झाले. २०१०-११ मध्ये देशात ३५ लाख टनांच्या आसपास असलेला पालाशाचा वापर २०१२-१३ मध्ये २१ लाख टनांपर्यंत घसरला. २०२२ मध्ये पोते १,७०० रुपयांना गेले. २०२३ च्या खरिपात किलोमागे १५ रुपये ९१ पैसे असलेले अनुदान त्याच वर्षीच्या रब्बीत २ रुपये ३८ पैशांवर आणले गेले. इतकी हेलकावणारी किंमत असलेले खत शेतकरी सवयीने वापरेल, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

विदर्भात ही सवय लागली नाही, याला आणखी एक कारण होते आणि ते पायाखाली होते. वर्ध्याची काळी माती बेसॉल्टच्या झिजेतून झालेली, फुगणाऱ्या चिकण खनिजांनी भरलेली. ती पालाश धरून ठेवते. माती परीक्षणात हेक्टरी २८० किलोच्या वर उपलब्ध पालाश म्हणजे ‘भरपूर’, आणि काळ्या जमिनीच्या अहवालांत हा शेरा वर्षानुवर्षे येत राहिला. म्हणून शिफारशींत पालाशाचा आकडा लहान आणि शेतकऱ्याच्या मनात त्याहून लहान. नदीकाठच्या भारी जमिनीला हे बरेचसे लागू होते. टेकड्यांच्या उताराच्या बरड, मुरमाड जमिनीला ते तितके लागू नाही; पण शेरा सगळ्यांना सारखाच चिकटला.

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पिकाची चाल बदलली. बोंडे जास्त, आणि ती भरण्याचा काळ थोडा. बोंडातला धागा लांबतो तो पेशीत भरलेल्या पाण्याच्या दाबाने, आणि तो दाब टिकवायला पोटॅशियम लागते. जमिनीत साठा असला तरी मुळांना तो त्या दोन-तीन आठवड्यांत पुरेशा वेगाने मिळतोच असे नाही. पानांच्या कडा करपतात, बोंडे अर्धवट उमलतात. यावर बोंडे भरताना १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, फवारण्याची शिफारस होते. ज्या सोऱ्यासाठी एकेकाळी बिहारची माती धुतली जाई तोच हा पदार्थ, आता पिशवीबंद आणि पाण्यात विरघळणारा. दुसरीकडे चुली गॅसवर गेल्या आणि जनावरे कमी झाली. पऱ्हाट्या बांधावरच पेटवल्या जातात किंवा गावाबाहेर विकल्या जातात. राखेची जुनी परतफेड थांबली आणि तिची जागा पोत्याने पूर्ण घेतली नाही. माती श्रीमंत आहे खरी. ठेवीतून काढणे चालू आहे आणि भरणा कमी आहे.

भारतात पोटॅश सापडलेच नाही, असे नाही. राजस्थानच्या नागौर-गंगानगर खोऱ्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला १९७० च्या दशकापासून मिठाच्या थरांत पोटॅश दिसत आले. तिथे विंधन करणाऱ्यांत मिनरल एक्स्प्लोरेशन कॉर्पोरेशन होती. १९७२ मध्ये स्थापन झालेली ही सरकारी कंपनी नागपूरची. देशातल्या खनिजांचा हिशेब ठेवणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालयही नागपूरलाच आहे. म्हणजे विदर्भात पोटॅश नाही, पण भारताचे पोटॅश शोधणारी यंत्रणा सावंगीपासून ७५-८० किलोमीटरवर बसते. अडचण खोलीची आणि थरांच्या पातळपणाची. माणूस उतरवून खणणे परवडणार नाही, म्हणून बेल प्लेनसारखे पाण्याने विरघळवून काढावे लागेल, आणि तेही पाण्याची टंचाई असलेल्या प्रदेशात. जानेवारी २०२१ मध्ये या कंपनीने राजस्थान सरकारच्या खाण विभागाशी आणि तिथल्या सरकारी खाण कंपनीशी अशा पद्धतीच्या व्यवहार्यतेसाठी करार केला. २०२३ च्या कायदादुरुस्तीत पोटॅश महत्त्वाच्या व सामरिक खनिजांच्या यादीत आले आणि त्याचे पट्टे लिलावाने देण्याचा अधिकार केंद्राकडे गेला. कच्छच्या रणात मिठागरांच्या उरलेल्या कडू पाण्यातून सल्फेट ऑफ पोटॅश काढले जाते, पण देशाच्या गरजेपुढे ते थोडे आहे.

सध्या देशात खरोखर तयार होणारे बहुतेक पोटॅश येते ते उसातून, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. ऊस जमिनीतून भरपूर पालाश घेतो. साखर निघाल्यावर तो मळीत उरतो, मळीपासून मद्यार्क केल्यावर डिस्टिलरीच्या काळ्या सांडपाण्यात. हे सांडपाणी नदीत सोडायला बंदी आल्यावर कारखान्यांनी ते आटवून बॉयलरमध्ये जाळायला सुरुवात केली. बॉयलरमधून निघणारी राख पोटॅशने भरलेली असते. दाणेदार करून विकल्या जाणाऱ्या या खताला ‘मळीपासूनचे पोटॅश’ म्हणून खत नियंत्रण आदेशात स्थान मिळाले. त्यात पालाशाचे प्रमाण किमान १४.५ टक्के असते, लाल पोटॅशच्या चौथ्या हिश्श्याएवढे. ऑक्टोबर २०२१ पासून ते अनुदानाच्या कक्षेत आले. २०२३-२४ साठी साखर कारखान्यांनी खत कंपन्यांना ते टनाला ४,२६३ रुपये भावाने द्यावे असे ठरले, आणि त्यावर टनामागे ३४५ रुपये अनुदान. सरकारी अंदाजानुसार तेव्हा वर्षाला सुमारे ५ लाख टन राख तयार होत होती आणि १० ते १२ लाख टनांपर्यंत जाणे शक्य होते. इतर खतांसोबत हा माल विकणाऱ्या आयपीएलचे आता उत्तर प्रदेशात स्वतःचे साखर कारखाने आहेत. वर्ध्याच्या कपाशीवाल्याला मात्र १४.५ टक्क्यांचे पोते ६० टक्क्यांच्या पोत्याशी ताडून पाहताना किलोचा नाही, पालाशाचा भाव काढावा लागतो, आणि साखर कारखान्यापासून विदर्भापर्यंतचे भाडेही त्यात धरावे लागते.